बस-रेल्वेत कुत्र्या-मांजरांना परवानगी असावी का? इंदूरहून एक उत्तर

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बोरिवलीहून इंदूरला बदली झाली आहे, घरात लॅब्रॅडोर आहे, तिला रेल्वेने कसं आणायचं, ही एक. दुसरी म्हणजे, बस, रेल्वे, मेट्रोत पाळीव प्राण्यांना मुळात परवानगी असावी का, कारण तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं, "माणसांनाच उभं राहायला जागा नाही, तिथे कुत्री कुठे नेता?" मी इंदूरच्या रामबागेत राहते, घरात कायम कुत्रं किंवा मांजर असतंच. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो जास्त लोकांचा आहे.

माझं मत स्पष्ट आहे: परवानगी असावी. तिकीट काढून, लसीचं कार्ड दाखवून, आणि लेखी नियमाने. आज जे चाललंय ते म्हणजे एकतर अख्खी केबिन विकत घ्या, नाहीतर कंडक्टरच्या मर्जीवर राहा. या दोन्हीच्या मध्ये काहीच नाही, आणि आपल्यातले बहुतेक लोक त्या मधल्याच जागेत राहतात.

रेल्वेचंच बघा. आपल्याकडे सर्वात जुना आणि सर्वात स्पष्ट नियम रेल्वेचा आहे. कुत्रा प्रवाशाबरोबर नेता येतो तो फक्त फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासमध्ये, आणि तेही दोन बर्थची कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तर. सेकंड एसी, थर्ड एसी, चेअरकार, स्लीपर, जनरल, कुठेही चालत नाही. न सांगता नेलेला सापडला तर सामानाच्या दराच्या सहा पट वसुली होते. अगदी लहान पिल्लू टोपलीत घालून, त्याचे वेगळे पैसे भरून, इतर वर्गांतून नेता येतं. बाकीच्यांसाठी राहतो तो गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, डबा तोच आहे. हा डॉग बॉक्स तुम्ही पाहिला नसेल तर एकदा प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन बघा. भिंतीत बसवलेला लोखंडी कप्पा, जाळीचं दार, बाहेरून कडी. मोठ्या कुत्र्याला त्यात धड वळता येत नाही. पाणी द्यायचं तर गाडी थांबल्यावर मालकाने आपल्या डब्यातून तिथपर्यंत पळत जायचं आणि शिटी व्हायच्या आत परत यायचं. मे महिन्यात दुपारी रतलामच्या पुढे तो पत्रा किती तापत असेल याचा विचार करा. घरात पलंगावर झोपणारं जनावर तिथे रात्रभर काय करत असेल हे मनात आणलं की मला झोप लागत नाही. म्हणून मी स्वतः कधीच हा पर्याय घेतला नाही आणि कोणाला सुचवतही नाही.

तर ज्याच्याकडे फर्स्ट एसीचे पैसे आहेत त्याचा प्रश्न सुटलेला आहे. विमानातही तसंच. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून लहान प्राणी केबिनमध्ये न्यायला सुरुवात केली, एअर इंडियात ती सोय आधीपासून होती. आनंद आहे. पण प्राणी फक्त विमानाने फिरणारे लोक पाळत नाहीत.

इथे इंदूरचं एक उदाहरण सांगते. आमच्याजवळ महू आहे, पंचवीसेक किलोमीटरवर. आता स्टेशनचं नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, बोलताना सगळे महूच म्हणतात. तिथलं पशुचिकित्सा महाविद्यालय १९५५ सालचं. इंदुरात डॉक्टर खूप आहेत, पण हाड मोडलं, गाठ आली, मोठं ऑपरेशन करायचं म्हटलं की लोक महूला जातात, कारण खाजगी दवाखान्याचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा कालू, रस्त्यावरूनच उचलून वाढवलेला, एका लोडिंग गाडीखाली आला आणि त्याचा मागचा पाय मोडला. मावशींनी त्याला भाजीच्या क्रेटमध्ये जुनी चादर घालून निजवला, वर ओढणी बांधली, आणि मुलाला घेऊन बससाठी उभ्या राहिल्या. मी बरोबर होते. पहिल्या बसच्या कंडक्टरने क्रेटमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाला, "माताजी, जनावर नी चलेगा." दुसऱ्याने पैसे दुप्पट घेतो म्हटलं, आम्ही हो म्हणालो, तेवढ्यात आतून कोणीतरी ओरडलं आणि त्याने दार लावून घेतलं. कालू कण्हतही नव्हता, नुसता मावशींच्या हाताकडे बघत होता. रिक्षावाल्यांनी जे भाडं सांगितलं ते मावशींच्या कमाईच्या मानाने ऐकण्यासारखं नव्हतं. शेवटी ओळखीच्या भाजीवाल्याच्या लोडिंग रिक्षातून, रिकाम्या पोत्यांवर, तो महूला पोचला. पाय वाचला, थोडा लंगडतो.

तो दुसरा कंडक्टर वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. त्याच्या हातात नियमच नव्हता. एक प्रवासी ओरडला, त्याने त्याचं ऐकलं. कोणी ओरडलं नसतं तर आम्ही गेलो असतो. आजारी जनावराने दवाखान्यात पोचावं की नाही, हे बसमधल्या एका आवाजावर ठरतं. महूला जाणाऱ्या पॅसेंजर गाडीचा पर्याय सुचवाल, तर तिला फर्स्ट एसीचा डबाच नसतो. म्हणजे रेल्वेचा नियम तिथे लागू होऊनही उपयोगाचा नाही.

शिवाय प्राणी बसमध्ये कधी चढलेच नाहीत असंही नाही. हाटाच्या दिवशी धार किंवा मानपूरकडच्या बसमध्ये बसून बघा. सीटखाली कोंबड्या असतात, पाय बांधलेल्या, कधी कधी मागच्या दारापाशी एखादं बकरीचं करडूही. कोणी हरकत घेत नाही, कारण ते बाजाराचं सामान. माझी हरकत त्या कोंबड्यांच्या बांधलेल्या पायांना आहे, त्यांच्या बसमध्ये असण्याला नाही. प्राण्यांशी क्रूरता रोखणारा कायदा १९६० सालचा आहे आणि जनावराला वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणं त्यात गुन्हा आहे. १९७८ च्या जनावर-वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांचं वेगळं प्रकरण आहे. प्रवासाला फिट असल्याचा, रेबीजसह कुठल्याही संसर्गाची लक्षणं नसल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो, दिवस भरत आलेल्या मादीला न्यायचं नाही, चावऱ्या कुत्र्याच्या तोंडाला जाळी लावायची, असं सगळं त्यात आहे. म्हणजे न्यायचं कसं याचा कायदा आपल्याकडे जवळजवळ पन्नास वर्षांपासून तयार आहे. कमी आहे ती बसमध्ये चढण्याची परवानगी.

आता तुमच्या सासऱ्यांची बाजू, कारण ती मला मनापासून पटते. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांची भीती खरी असते. इंदुरात हुकुमचंद पॉलिक्लिनिकमध्ये, ज्याला सगळे लाल अस्पताल म्हणतात, कुत्रा चावलेल्यांची इंजेक्शनची रांग ज्याने पाहिली आहे तो हसणार नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, आणि माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळाच कुत्र्यांमुळे होतो. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दल ११ तारखेला एक आदेश दिला आणि २२ तारखेला त्यात बदल केला, तेव्हापासून घराघरात दोन पक्ष पडलेत. पण दरवर्षी लस घेणारा, पट्ट्यात असलेला, मालकाच्या पायाशी बसलेला कुत्रा आणि ज्याच्या लसीचा पत्ता नाही असा कुत्रा, हे एकाच तराजूत घालू नयेत. लसीचं कार्ड तपासूनच तिकीट द्यावं, हे मी म्हणूनच सर्वात वर ठेवते. त्यातून एक फायदा आणखी होईल: बसने न्यायचं तर लस हवी म्हटल्यावर जे आज टाळतात तेही लस टोचून घेतील.

काहींना धर्माच्या कारणाने कुत्र्याचा स्पर्श चालत नाही. आमच्या आजीचं सोवळं होतं तेव्हा तिलाही चालत नसे. अशा माणसाला "सरका हो जरा, काही करत नाही तो" म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं. सरकायचं आपण. ॲलर्जीचंही तेच. लोकांना वाटतं केस पडले नाहीत की झालं, पण मांजराची ॲलर्जी असते ती तिच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची. ते केसांवरून, कपड्यांवरून पसरतं. त्यामुळे झाकलेला कॅरियर, म्हणजे प्राणी न्यायची पेटी, असला तरी दम्याच्या माणसाशेजारी बसू नये. बसचा मागचा दरवाजा आणि शेवटच्या सीटा याच आपल्या, हे मालकांनी मनाशी ठरवून टाकावं.

घाणीचा मुद्दा मात्र इंदूरकराने काढू नये असं मला वाटतं. आपलं शहर २०१७ पासून सलग स्वच्छतेत पहिलं येतंय. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, गाडीचं गाणं वाजलं की घराघरातून डबे बाहेर येतात. जे शहर ही सवय लावून घेऊ शकतं ते "कुत्र्याने केलेलं मालकाने उचलायचं, नाहीतर दंड" हेही शिकू शकतं. प्रवासाच्या आधी फिरवून आणलेला, चार-सहा तास जेवण न दिलेला कुत्रा सहसा काही करत नाही, ओकतही नाही.

जिथे परवानगी आहे तिथेही मोकाट काही नाही. स्वित्झर्लंडच्या रेल्वेत पिशवीत मावणारा छोटा कुत्रा फुकट, मोठ्याला सेकंड क्लासचं अर्धं तिकीट. बर्लिनच्या मेट्रोत मोठ्या कुत्र्याच्या तोंडाला जाळी सक्तीची. टोकियोकडच्या गाड्यांत प्राणी बंद पिंजऱ्यातच हवा आणि पिंजऱ्यासकट वजन दहा किलोच्या आत. लंडनच्या मेट्रोत कुत्रा चालतो, पण सरकत्या जिन्यावर त्याला उचलून घ्यावं लागतं, पंजा अडकू नये म्हणून. ही शेवटची गोष्ट मला फार आवडते. नियम करणाऱ्याने कुत्र्याच्या पंजाचा विचार केलेला आहे. आपल्याकडेही कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये प्राण्या-पक्ष्यांना अर्धं तिकीट आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळुरू-म्हैसूर बसमध्ये एक आजी आणि नात चार पोपट घेऊन चालल्या होत्या. दोघींचा प्रवास तिथल्या महिलांसाठीच्या योजनेत फुकट, आणि पोपटांचं तिकीट प्रत्येकी १११ प्रमाणे ४४४ रुपये. देशभर लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पैसे जास्त वाटत असतील तर कमी करावेत, पण त्या पोपटांकडे तिकीट होतं आणि त्यांना कोणी खाली उतरवू शकत नव्हतं. मावशींनी त्या दिवशी असं तिकीट आनंदाने काढलं असतं.

इंदूरसाठी मला असं सुचतं. कॅरियरमध्ये मावणारं जनावर दिवसभर कधीही चालावं. मोठा कुत्रा सकाळ-संध्याकाळची ऑफिसची गर्दी सोडून, आखूड पट्टा आणि तोंडाला जाळी लावून, एका बसमध्ये एकच, अर्ध्या तिकिटावर. दवाखान्याचा कागद हातात असेल तर वेळेची अट शिथिल. नुकसान केलं तर मालकाने भरायचं. आणि हे बसमध्ये दाराजवळ लिहिलेलं असावं, म्हणजे कंडक्टरला ओरडणाऱ्याचं तोंड बघावं लागणार नाही. भीती वाटणाऱ्या प्रवाशालाही त्यातून एक हक्क मिळेल: जाळी नसेल तर "उतरवा" म्हणण्याचा.

जाळीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण चांगली माणसंही इथे चुकीची वस्तू घेतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हाच त्याचं अंग गार होतं. दुकानात मिळणारी कापडी पट्टी तोंड घट्ट बांधते. ती दवाखान्यात दोन मिनिटांच्या इंजेक्शनपुरती ठीक आहे. बसमध्ये, माळव्याच्या उन्हाळ्यात, ती जीव घेऊ शकते. टोपलीसारखी जाळी घ्यावी, जिच्यात तोंड पूर्ण उघडतं आणि पाणीही पिता येतं. आठ-दहा दिवस आधीपासून घरात रोज थोडा वेळ घालून सवय करावी. पग किंवा तसल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हात प्रवास घडवूच नये. मांजर असेल तर कॅरियरवर सुती पंचा टाकावा. बाहेरचं दिसलं नाही की ती शांत राहते. पण मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागली तर ते कुत्र्यासारखं नेहमीचं नसतं. लगेच सावलीत उतरून डॉक्टरला फोन करावा. आणि झोपेची गोळी स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये.

हे सगळं आत्ताच मांडायची वेळ आहे असं मला वाटतं, कारण मध्य प्रदेशात सध्या बरंच नव्याने घडतंय. आमच्याकडे महाराष्ट्रासारखी एसटी नाही. राज्य परिवहन महामंडळ २००५ मध्येच बंद झालं, तेव्हापासून गावोगावच्या बस खाजगी. म्हणूनच कंडक्टर म्हणेल ते. आता राज्य सरकारने पुन्हा सरकारी देखरेखीखाली बससेवा आणायचं २०२५ मध्ये ठरवलंय. मेट्रोही ३१ मे २०२५ ला इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर सुरू झाली, पहिल्या टप्प्यात पाच स्थानकं. दिल्ली मेट्रोत पाळीव प्राणी चालत नाहीत. इंदूरने तेच उचलण्याची गरज नाही. निदान कॅरियरमधल्या मांजरापासून सुरुवात करता येईल. नियमावली एकदा छापली गेली की बदलायला वर्षं जातात, त्यामुळे महापौरांना, खासदारांना, परिवहन खात्याला पत्रं लिहायची तर आताच. मी लिहिलं आहे, रामबागेतल्या शेजाऱ्यांच्याही सह्या घेतल्यात, त्यात कुत्रा न पाळणारे बरेच आहेत.

आता तुमची लॅब्रॅडोर. मुंबई-इंदूर अवंतिका एक्स्प्रेसला फर्स्ट एसीचा डबा आहे आणि प्रवास रात्रीचा, त्यामुळे ती तुमच्यासाठी सर्वात सोयीची. दोन माणसांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा, म्हणजे कूपेचा हक्क सांगता येईल; एका पीएनआरवर एकच कुत्रा चालतो. तिकीट काढल्यावर स्वस्थ बसू नका. कूपे मिळाली की केबिन हे चार्ट लागल्यावरच कळतं, म्हणून आधीच रेल्वेच्या वाणिज्य विभागाला लेखी अर्ज द्या की बरोबर कुत्रा आहे, कूपे द्यावी. अर्जाची प्रत शिक्का मारून जवळ ठेवा. डॉक्टरचा दाखला निघण्याच्या आदल्या दिवशीचा घ्या, जुना चालत नाही. तुम्ही राहता बोरिवलीला आणि गाडी तिथे थांबतेही, पण चढा मुंबई सेंट्रललाच. पार्सल ऑफिसमध्ये तिला घेऊन जायचं, कागद दाखवायचे, पैसे भरून पावती घ्यायची, याला वेळ लागतो. मधल्या स्टेशनवर तेवढी उसंत मिळत नाही. ती पावती टीसीला दाखवावी लागते. वडोदरा आणि रतलाम हे मोठे थांबे आहेत. किती मिनिटांचे आहेत ते आधी बघून तिला खाली उतरवायचं की नाही ठरवा. इंदूरला उतरल्यावर ॲपवरून गाडी बोलावलीत तर ड्रायव्हरला आधी फोन करून कुत्रा आहे हे सांगा, सीटवर टाकायला चादर आहे हेही सांगा, बरेच जण मग तयार होतात.

आणि चार्ट लागल्यावर कूपे मिळाली नाही, तर कोणीही कितीही सांगितलं तरी तिला डॉग बॉक्समध्ये घालू नका. तिकीट रद्द करा आणि पुढची तारीख घ्या.